शेरा: कांदा गेल्यावर

देवळ्यात पन्नाशीपुढच्या निम्म्या माणसांचा वाढदिवस एक जूनला असतो. शाळा जूनमध्ये भरायची, मास्तरांना पोर वयात बसवायचं असायचं, आणि आई सांगायची, ‘पोळ्याच्या आधी झाला, लई पाऊस होता.’ मास्तरांनी एक जून लिहिलं आणि विषय मिटवला. तो पुन्हा उकरून काढला माझ्या दवाखान्यातल्या नव्या सॉफ्टवेअरने. पहिल्याच जूनमध्ये त्याने भल्या सकाळी सगळ्यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा धाडल्या, खाली दवाखान्याचं नाव. दहा वाजता बाकड्यांवर जागा उरली नाही. दवाखान्याचा मेसेज म्हणजे रिपोर्टमध्ये काहीतरी निघालं, अशा समजुतीने माणसं कामं टाकून आली होती.

जन्मतारखेवाचून नोंदणीचं पान पुढे सरकत नाही. आमचे कंपाउंडर नाना म्हणतात, “बाबा, साल तरी सांगा.” बाबा म्हणतात, “बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला होतो.” नाना खडी फोडणाऱ्याचं वय सोळा धरतात, वजाबाकी करतात आणि टाकतात: १ जून १९५६. पुढल्या वर्षीच्या गर्दीची सोय झाली.

नावांचं निराळंच. शोधपट्टीत ‘आहेर’ लिहिलं की यादी सरकत सरकत जिल्ह्याची हद्द गाठते. कार्डांच्या काळात नाना कोपऱ्यात पेन्सिलीने ‘गिरणीवाले’, ‘थोरले, चष्मा’ असं लिहून ठेवत. आता तीच माहिती ते वडिलांच्या नावाच्या रकान्यात घालतात. त्यामुळे एका गृहस्थांच्या छापील बिलावर वडिलांचं नाव ‘चष्मा’ आलं होतं. त्यांनी ते घडी करून खिशात ठेवलं, बोलले काही नाहीत.

मग येते तक्रार. “डोकं दुखी ऱ्हायनं” याला सॉफ्टवेअरकडे जागा आहे. आयसीडी-१० या जागतिक यादीत डोकेदुखी आर ५१ वर सापडते. पण ‘कसंनुसं होतंय’ कुठे बसवायचं? कणकण, चमक, जीव घाबरा होणं, ‘आंगात काहीच ऱ्हायलं नाही’ या सगळ्यांना मी आर ५३ मध्ये कोंबतो, म्हणजे थकवा आणि अस्वस्थपणा. अमेरिकेत २०१५पासून वापरात असलेल्या विस्तारित यादीत मात्र गाय-बैलाने मारल्याचाही स्वतंत्र कोड आहे, डब्ल्यू ५५.२२. पोळ्याच्या सुमारास तो मला उपयोगी पडतो. ज्या देशात गोठा शोधायला गाडी काढावी लागते त्यांना बैलाची शिंगं सुचली, आणि घरोघरचं कसंनुसं सुचलं नाही.

उगाच नावं ठेवू नयेत. परवा एका आजींना सल्फाची गोळी लिहायला गेलो, तर पडद्यावर लाल पट्टी आली: ॲलर्जी. ती नोंद जुन्या कार्डावरही होती, पण ते कार्ड कपाटात कुठल्या आहेरांच्या मधे दबलं असतं कोण जाणे. आणि अक्षर! औषधांची नावं वाचता येतील अशी, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहा, असं मेडिकल कौन्सिलने २०१६ मध्ये सांगितलं होतं. आता प्रिंट निघते. पेशंटला ती मुळीच पटत नाही. “हे तर मलाही वाचता येतंय,” एक आजोबा म्हणाले. त्यांना औषध कमी पॉवरचं वाटलं.

गंभीर गोष्ट मोबाईल नंबरची. घरात फोन पुष्कळ असले, तरी सांगितला जातो एकच, कर्त्याचा. सुनेच्या तपासणीची आठवण मग सासऱ्यांच्या फोनवर जाते आणि ते ती ओट्यावर चारचौघांत मोठ्याने वाचतात. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. तो ओट्यापर्यंत यायचाय. तोवर बायकांसाठी मेसेजचं बटण मी बंदच ठेवतो. आरोग्याच्या नोंदींचा चौदा आकडी आभा नंबर काढून दिला तर पहिला प्रश्न येतो, “यावर ऑपरेशन फुकट ना?” पाच लाखांच्या फुकट उपचारांचं कार्ड वेगळं आणि नोंदींचा हा नंबर वेगळा, हे समजावण्यात दोन पेशंट तपासून होतील. शिवाय खरी नोंदवही त्यांच्या हातात असतेच: साडीच्या दुकानाची पिशवी. नाशिकचा एक्स-रे, मालेगावची सोनोग्राफी, सगळं तीत. दाखल रुग्णांचे कागद डॉक्टरने तीन वर्षं जपावेत, असा नियम आहे. पिशवी तीस वर्षं जपते.

पण सॉफ्टवेअरचं आणि माझं खरं वाजतं ते बिलावरून. फी राहिली की ते तीस, साठ, नव्वद दिवस मोजतं आणि नाव लाल करतं. आमच्या कसमादे पट्ट्यात पैसा असा दिवसांवर चालत नाही. “कांदा इकना का देसू,” असं म्हणून माणूस निघतो आणि खरंच देतो, मी न मागता. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलात निघतो, कांदाचाळीत पडतो, आणि उमराण्याच्या बाजारात भाव दिसेल तसा दिवाळीपर्यंत बाहेर येतो. डिसेंबर २०२३ मध्ये दिल्लीने निर्यात बंद केली ती पुढच्या मे महिन्यापर्यंत. त्या काळात माझी यादी वरपासून खालपर्यंत लाल होती. सॉफ्टवेअर सुचवत होतं, थकबाकीदारांना स्मरणपत्र पाठवू का? कोणाला पाठवणार, वाणिज्य मंत्रालयाला?

शेवटी कंपनीच्या मदतकेंद्रावर फोन लावला. पलीकडे एक गोड बोलणारा पोरगा होता. “सर, पेमेंटची मुदत किती दिवसांची टाकू?” म्हटलं, “दिवस नको, हंगाम टाक.” त्याने मनावर घेतलं आणि पुढच्या अपडेटमध्ये खरोखर रकाना आला: खरीप, रब्बी. उन्हाळ कांदा रब्बीत मोडतो हेही त्याने शोधून काढलं होतं. मला भारी कौतुक वाटलं. फक्त वसुलीची तारीख त्याने काढणीची धरली, तीस एप्रिल. एक मेला सगळे आहेर एकदम लाल झाले, आणि कांदा तर नुकता कुठे चाळीत शिरत होता. नानांनी यादी पाहिली, चष्मा वर केला आणि प्रत्येक नावापुढच्या शेऱ्यात एकेक करून टाइप करायला बसले: ‘भाव नाही.’