टोनभाऊ

"पिकअपले पितळेचं झाकण पाह्यजे जी," टोनभाऊ म्हणाला.

भंडाऱ्यातल्या भांड्यांच्या दुकानातले काकाजी चष्मा कपाळावर सरकवून त्याच्याकडे बघत राहिले. "पिकअपले? ताडपत्री टाक नं बे. पितळ कायले वाया घालवतं?"

चूक काकाजींची नव्हती. आमच्याकडे पिकअप म्हणजे धानाची पोती आणि लग्नाचं वऱ्हाड सारख्याच निर्विकारपणे वाहून नेणारी, मागून उघडी गाडी. गिटारलाही पिकअप असतो, तो तारेखाली बसतो आणि तारेची थरथर विजेत बदलतो, हे जिल्ह्यात मोजक्या लोकांना ठाऊक. त्यातल्या बहुतेकांना टोनभाऊनेच सांगितलेलं आहे, तेही त्यांनी न विचारता.

टोनभाऊ हे बारशाचं नाव नव्हे, आणि तो एकटाही नाही. तुमसर, साकोली, पवनी, लाखांदूर, कुठेही जा, एखादा सापडतोच. खूण सोपी आहे. गिटार पलंगावर उताणी, तिचा पांढरा पत्रा उघडा, स्क्रू लोणच्याच्या वाटीत, आणि मालक हातात कावीया घेऊन धुरात बसलेला. त्याची गिटार स्क्रू लावून बंद केलेली मी तरी पाहिलेली नाही. "वाजवून दाखव ना," म्हटलं की उत्तर ठरलेलं: "टोन सेट होऊ दे." ही गोष्ट मी गेली कित्येक वर्षं ऐकतो आहे. मध्यंतरी त्याच्या धाकट्या भावाचं लग्न सेट झालं, मुलं सेट झाली.

त्याची गिटार स्ट्रॅटोकास्टरच्या नमुन्याची. मूळ स्ट्रॅटोकास्टर लिओ फेंडरने १९५४ साली बाजारात आणली, आणि फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. ही माहिती टोनभाऊ फार जपून वापरतो. कोणी अगदीच अंगावर आला, तरच काढतो.

या गिटारात तीन पिकअप, तिन्ही सिंगल कॉइल. म्हणजे सहा चुंबकाच्या कांड्या आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे आठेक हजार वेढे. आवाज काचेसारखा लख्ख. पण टोनभाऊला हवा असतो हेवी: जड, खरखरीत, छातीत बसणारा. त्यात सिंगल कॉइलची खोड अशी, की ती तारेसोबत भिंतीतली वीजही ऐकते. पेडल दाबून आवाज जाड केला की गिटारीच्या आधी विजेची ती गुणगुण, म्हणजे हम, जाड होतो. टोनभाऊच्या घरी तर समोर ट्रान्सफॉर्मर, मागे राइस मिल आणि बाजूला वेल्डिंगचं दुकान. गिटार लावली की अख्खा मोहल्ला ॲम्पमधून बोलतो.

यावरचा उपाय जुना आहे. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये हंबकर काढला. दोन गुंडाळ्या, एक सुलटी एक उलटी, चुंबकही तसेच उलटसुलट. मग बाहेरचा हम एकमेकांना खातो आणि तारेचा आवाज तेवढा जोडला जातो. सिंगल कॉइलच्याच खाचेत बसणारे सडपातळ हंबकरही मिळतात. नागपूरला शिकणाऱ्या एका पोराने हे सुचवलं, तेव्हा टोनभाऊने त्याच्याकडे असं पाहिलं जणू त्याने वांग्याच्या भाजीत साखर टाकायला सांगितली होती.

"ब्लॅक सबाथचा टोनी आयोमी माहीत हाय? पहिल्याच अल्बमच्या रेकॉर्डिंगले त्याच्या स्ट्रॅटचा पिकअप मेला. मंग त्यानं गिब्सनची एसजी घेतली. तिच्यात कोनते होते? पी-नाइन्टी. सिंगल कॉइल! साऱ्या जगाचं हेवी मेटल सिंगल कॉइलवर उभं हाय, आन् तू मले हंबकर सांगतं?"

हे संभाषण पंपाच्या मोटरी भरून देणाऱ्या मिस्त्रींच्या दुकानात चाललं होतं. टोनभाऊचा तो दुसरा संसार. आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता, सतरा वर्षांचा असताना नोकरीच्या शेवटच्याच दिवशी यंत्रात त्याच्या दोन बोटांची टोकं गेली, मग प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने टोपणं केली आणि तरी वाजवलं, ही कथा टोनभाऊने गहिवरून सांगितली. मिस्त्रींनी आपला डावा हात वर केला. तर्जनी अर्धी होती. "माही त मिलच्या पट्ट्यात गेली. मले कोनी गिटार नाही देल्ली."

पण मिस्त्री मनाने मोठे. त्यांनी टोनभाऊला वेढे मोजणारं हँडलचं मशीन वापरू दिलं. आधी त्याने पंख्याची तार घेतली. ती पिकअपच्या तारेच्या तिप्पट जाड निघाली. हजार वेढ्यांतच बॉबिन असं फुगलं, जसं श्राद्धाचं जेवण झालेलं पोट. मग जुन्या रिलेतली बारीक तार काढली. ती श्वास लागला तरी तुटे. वेढे वाढवले की आवाज जोरकस आणि जाड होतो, वरचे सूर मात्र बोथट होतात. किती वाढवायचे, तिथे खरी मेख. टोनभाऊने आकडा नऊ हजार पाचशे धरला. मशीनचा काटा बिघडलेला, म्हणून तोंडाने मोजणी. चार हजार तीनशे बाराला त्याच्या आईचा फोन आला, "जेवाले येतं का नाही?" त्या पिकअपमध्ये नेमके किती वेढे आहेत, हे आज त्या माऊलीलाही सांगता येणार नाही.

गुंडाळी सैल राहिली की मोठ्या आवाजात पिकअप किंचाळतो, म्हणून ती मेणात बुडवायची असते. किराणा दुकानातल्या मेणबत्त्या आणि जंगलातल्या पोळ्याचं थोडं मेण, असा मसाला जमला. भांडं? आईचा चहाचा गंज. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या चहावर जाड साय आली, तेव्हा आईला क्षणभर दूधवाल्याचं कौतुक वाटलं.

पितळी झाकणाचं पुढे काय झालं, तेही सांगतो. काकाजींनी शेवटी बनवून दिलं, देखणं, आरशासारखं. ते बसवल्यावर गिटार गोधडी पांघरून बोलायला लागली. पितळेत वीज सहज खेळते, त्यामुळे झाकणात भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात आणि वरचे सूर खाऊन टाकतात. हे कळल्यावर टोनभाऊ दोन दिवस जेवला नाही. भांड्यांवरून ज्याचं नाव पडलं असं आम्ही मानतो, त्या गावच्या पितळेने असा दगा द्यावा! गिटारीत आपल्या मातीचं काहीतरी हवंच, हा हट्ट मात्र राहिला. जिल्ह्यात मँगनीजच्या खाणी आहेत, पण पिकअपचं चुंबक लागतं ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्टचं. अखेर समाधान सापडलं ते डोंगरी बुजुर्गच्या खाणीत. तिथला मँगनीज डायऑक्साइड ड्राय बॅटरीला लागतो. तेव्हापासून पेडलमधल्या नऊ व्होल्टच्या बॅटरीला तो 'आपली लोकल' म्हणतो.

हम मात्र जाईना. तांब्याची पट्टी आतून चिकटवली. विजेची कुरकुर कमी झाली, हम होता तिथेच. पंख्याचा रेग्युलेटर बंद, ट्यूबलाइट बंद, चार्जर बंद. मे महिन्यात, भंडाऱ्यात. आई पदराने वारा घेत ओसरीवर. मग शोध लागला, की सिंगल कॉइलचा हम दिशेवर असतो. गिटार घेऊन गोल फिरलं की एका बाजूला तो अगदी मऊ पडतो. टोनभाऊच्या खोलीत ती दिशा नैर्ऋत्य निघाली. समोर भिंत, भिंतीवर कॅलेंडर. लोक पूर्वेला तोंड करून जेवतात, टोनभाऊ नैर्ऋत्येला तोंड करून रॉक वाजवतो.

आणि एका रात्री त्याला साक्षात्कार झाला. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे जवळजवळ 'जी'चा सूर, जरासा चढा. अमेरिकेतला हम ६०चा, तो कुठल्याच पट्टीत धड बसत नाही. आपला बसतो! १९७२ च्या 'मशीन हेड' अल्बममधलं डीप पर्पलचं 'स्मोक ऑन द वॉटर' जी मायनरमध्ये आहे आणि रिची ब्लॅकमोरने ते स्ट्रॅटवरच वाजवलंय. मग हमशी भांडायचं कशाला? तो तानपुरा समजायचा! त्याने सहाही तारा किंचित चढवल्या आणि गिटार विजेच्या तारेशी जुळवली. मी ते ऐकलंय. खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मधे न थांबता दीड मिनिट वाजवलं.

त्या जोरावर तो मंडईला गेला. दिवाळीनंतर आमच्या गावोगावी मंडई भरते, रात्री झाडीपट्टीचं नाटक उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं. नाटकात खलनायकाच्या प्रवेशाला 'काहीतरी भयानक' वाजवायचं होतं. टोनभाऊने तारा जुळवल्या, मंचावर गोल फिरून हमची मऊ दिशा शोधली आणि प्रेक्षकांकडे चक्क पाठ करून उभा राहिला. त्या गावात ती दिशा तिकडेच होती.

"रुसला काय बे हा?" पुढच्या ओळीतून आवाज आला.

खलनायक आला. टोनभाऊने पेडल दाबलं आणि पहिले चार सूर असे कडाडले की हार्मोनियमवाल्याने हात काढून घेतले. एक म्हातारी "बाप्पा!" म्हणाली. खलनायक संवाद विसरून मागे बघायला लागला. तेवढ्यात लाइन गेली.

काळोख. शेकडो माणसं गप्प. मंचावरून टोनभाऊचा समाधानी आवाज आला, "पाहा, हम गेला नं जी?"

मागे जनरेटर खोकत सुरू झालं. दिवे आले, हमही आला, पण जनरेटर ओझ्याने दबलेलं, तो चांगला अर्धा सूर खाली. खलनायकाने खाकरून संवाद पुन्हा सुरू केला. टोनभाऊ तिथेच मांडी घालून बसला आणि, पाठ तशीच ठेवून, खुंट्या उतरवू लागला.