रा. रा. सव्विसावे यांस, सप्रेम निषेध

रा. रा. सव्विसावे यांस,
मुक्काम : स्मशानाजवळचं झाड, फांदी चालू महिन्याची.

सादर नमस्कार. साष्टांगच घालणार होतो. पण ज्या गोष्टीचे तुम्ही वारस म्हणवता, तिच्यात साष्टांग घालणाऱ्याच्या मानेचं पुढे काय होतं ते आठवलं आणि हात जोडण्यावर भागवलं.

तुमचं खरं आडनाव काहीही असो. वेताळ पंचविशी पंचवीसवर ज्याने थांबू दिली नाही, त्याला दुसरं कोणतं आडनाव शोभणार? तुमच्यामागून सत्ताविसावे आले, अठ्ठाविसावे आले, पुढे शंभरावे आणि दोनशेविसावेही आले. घराणं भरभराटीला आलं. तुमचं ‘चांदोबा’ मासिक मराठीत १९५२ मध्ये सुरू झालं. महिन्याला एक गोष्ट धरली तर पंचविशी दोन वर्षं आणि एका महिन्यात आटोपते. तरी राजा विक्रम पुढे कित्येक दशकं महिन्याच्या महिन्याला स्मशानात हजर होत राहिला. हातात उपसलेली तलवार, खांद्यावर प्रेत, वाटेत एक गोष्ट, शेवटी एक प्रश्न, राजाचं बिनचूक उत्तर आणि प्रेत परत फांदीवर. सातबाऱ्यासाठी कचेरीत खेटे घालणाऱ्या माणसालासुद्धा कधी ना कधी उतारा मिळतो हो!

रत्नागिरीत या विषयावर वाद घालायला पावसाळ्यासारखा मुहूर्त नाही. मासेमारी बंद, मांडवीच्या जेटीवर उभं राहवत नाही असा वारा आणि दिवे गेलेले. अशा वेळी चाळिशी-पन्नाशीची माणसं चहावर बसून जे भांडतात, ते पाहिलं तर तुमचा ऊर भरून येईल. एका बाजूला पंचविशीवाले, दुसऱ्या बाजूला चांदोबावाले.

पंचविशीवाल्यांचा मुद्दा असा, की मूळ ते मूळ. इथलं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं आणि बापू छत्र्यांची मराठी ‘वेताळपंचविशी’ १८३० सालची. म्हणजे आमच्या गावात पुस्तकांचं कपाट आधी आलं आणि त्यात बसायला वेताळ दोन वर्षांनी. इतका जुना भाडेकरू असताना नव्या गोष्टींना त्याची खोली द्यायचीच कशाला, असा त्यांचा सवाल. चांदोबावाले उलट विचारतात, छत्र्यांची पंचविशी तुमच्यापैकी किती जणांनी उघडली? तुम्हाला विक्रम भेटला तो शंकर नावाच्या चित्रकाराच्या चित्रातून. पिळदार मिशांचा, जरा वाकलेला, मागे वळून न बघणारा. नाहीतर भेटला १९८५ मध्ये दूरदर्शनवर, अरुण गोविलच्या चेहऱ्याने. वेताळ म्हटलं की आजही डोळ्यांपुढे सज्जन या नटाचे पांढरे केस येतात, त्याला जुना कथाकार सोमदेव काय करणार?

तुमच्या वतीने मी पंचविशीवाल्यांचीही थोडी उलटतपासणी घेतली, कारण खटला एकतर्फी चालवणं बरं नव्हे. ‘मूळ’ म्हणजे कोणतं? काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात ‘कथासरित्सागर’ रचला, तो गुणाढ्याच्या ‘बृहत्कथे’वरून, आणि ती बृहत्कथा आज हाती नाही. त्याच काळात क्षेमेंद्रानेही तेच केलं. शिवदासाने पंचविशी वेगळी सांगितली, जंभलदत्ताने आणखी वेगळी. सोमदेवाचा राजा विक्रमादित्य नाहीच, तो त्रिविक्रमसेन. राजधानी उज्जैन नाही, गोदावरीकाठचं प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण. झाड पिंपळाचं नाही, चिंचेचं नाही, शिंशपेचं. सांगणारा प्रत्येक जण गावाचं नाव, झाडाची जात आणि राजाचं कूळ बदलत आला. तेव्हा ‘परक्या हाताने राजाला शिवू नये’ हा नियम लावायचा, तर आरोपीच्या पिंजऱ्यात तुमच्याआधी सोमदेवाला उभं करावं लागेल.

खुश झालात? थांबा. नव्या गोष्टी लिहिल्या, हा तुमच्यावरचा आरोप नाहीच.

सातासमुद्रापलीकडेही हाच वाद चालतो. टेक्ससच्या रॉबर्ट हॉवर्डचा तलवारबहाद्दर कोनन १९३२ च्या डिसेंबरात ‘विअर्ड टेल्स’ मासिकात अवतरला. १९३६ मध्ये हॉवर्ड वयाच्या तिशीत गेला, पण कोननला मरायची सवड कुणी दिली नाही. स्प्रेग द कॅम्प आणि लिन कार्टर यांनी हॉवर्डची अपुरी टिपणं पुरी केली, वर आपल्याही गोष्टी घातल्या. पुढे इतरांनी कादंबऱ्यांची रास लावली. २०२२ मध्ये स्टर्लिंग नावाच्या लेखकाची आणखी एक आली. प्रत्येक नव्या पुस्तकाला तिकडचे भक्त तराजूत घालतात : भाषा हॉवर्डची आहे का, हा कोनन आमचाच का, की नुसती तलवार त्याची आणि डोकं दुसऱ्याचं? कुणी फक्त हॉवर्डच्या हातचं तेवढंच वाचतो, कुणी मिळेल ते वाचून वर शिव्या घालतो.

पण सव्विसावे, कोननच्या पुढच्या लेखकांकडे एक सबब आहे, ती तुमच्याकडे नाही. हॉवर्डने पहिल्याच गोष्टीत कोननला राजा दाखवला आणि नंतरच्या गोष्टींत त्याची चोरी, चाचेगिरी, भाडोत्री लढाया सांगितल्या, त्याही पुढच्या-मागच्या क्रमाने. त्याच्या आयुष्यात मोकळ्या जागा आहेत, तिथे नवा लेखक खुशाल बिऱ्हाड करू शकतो. तुमच्या राजाची गोष्ट मात्र एका रात्रीची आहे. कृष्ण चतुर्दशीची एक रात्र! तिच्यात पंचवीस गोष्टी कशाबशा मावतात. तुम्ही तिला कित्येक दशकं उजाडू दिलं नाहीत. मधल्या काळात माणूस चंद्रावर जाऊन आला, कोकणात रेल्वे आली, आमची मुलं मुंबईला जाऊन निवृत्त होऊन परत आली. त्रिविक्रमसेनाची रात्र अजून चालू.

आता खरा आरोप. शांतपणे ऐका, गोष्ट तुमच्याच घरातली आहे.

एक भिक्षू, क्षान्तिशील नावाचा, राजाला दहा वर्षं रोज एक फळ आणून देतो. एक दिवस माकड ते फळ फोडतं आणि आतून रत्न पडतं. या उपकाराच्या बदल्यात राजा झाडावरचं प्रेत आणायला कबूल होतो. प्रेतातला वेताळ अट घालतो, वाटेत बोललास तर मी परत जाईन. वर धमकी देतो, उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोकं फुटेल. पेच नीट पाहा. बोललं तर प्रेत जातं, गप्प बसलं तर डोकं जातं. राजा शूर आहे, न्यायी आहे, हुशार आहे, आणि हुशार आहे म्हणूनच तो हरतो. सुटायची एकच वाट आहे : उत्तर खरोखर ठाऊक नसणं.

आणि सोमदेव त्याला तिथे नेतो. चोविसाव्या गोष्टीत बाप-लेक रानात दोन बायकांच्या पाऊलखुणा पाहतात. मोठ्या पावलांची ती बापाने करायची, लहान पावलांची लेकाने, असं ठरतं. गाठ पडते तेव्हा कळतं, मोठी पावलं मुलीची आणि लहान आईची. ठरलं तसंच होतं. आता त्यांच्या मुलाबाळांचं एकमेकांशी नातं काय? राजा विचार करतो आणि गप्प चालत राहतो. (त्याच्या जागी आमच्या कोकणातली एखादी आजी असती, तर तिने दोन पायऱ्यांत नातं लावून दिलं असतं आणि प्रेत पुन्हा झाडावर गेलं असतं. राजाचं नशीब थोर.)

त्या गप्प राहण्यावर सगळी गोष्ट उभी आहे. वेताळ प्रसन्न होतो, राजाचा बळी द्यायचा भिक्षूचा कावा उघड करतो. तो तुला साष्टांग घालायला सांगेल, तू म्हण, मी राजा, मला येत नाही, आधी करून दाखव. भिक्षू आडवा होतो आणि तलवार तिचं काम करते. वर मागताना हा राजा राज्य मागत नाही, धन मागत नाही. या चोवीस गोष्टी आणि ही शेवटची पंचविसावी जगात गाजोत, एवढंच मागतो. माणसाने आकडासुद्धा सांगून ठेवला होता, सव्विसावे! एवढी स्पष्ट सूचना देऊन ज्याची आज्ञा मोडली गेली असा दुसरा राजा दाखवा.

आता तुमची बाजू. तुमच्या साच्यात राजाला प्रत्येक उत्तर यावंच लागतं, नाहीतर पुढच्या महिन्याचा अंक निघणार कसा? जमीनदाराने दोन उमेदवारांतून कमी शिकलेल्याला नोकरी का दिली? राजाला ठाऊक. राजकन्येने शूराला नाकारून कुंभाराला का वरलं? राजाला ठाऊक. साधूने सोन्याची मोहर परत का केली? राजाला तेही ठाऊक, कारण उत्तर दर वेळी त्याच्या तोंडी दिलेलंच आहे. मूळ प्रश्नांनी अंगावर काटा यायचा. मेलेल्या मुलीचे तीन प्रियकर, एक तिच्या राखेवर निजला, एकाने अस्थी गंगेला नेल्या, एकाने संजीवनी मंत्र आणला, तर ती उठल्यावर नवरा कोण? तुमचे प्रश्न बरेचदा तलाठ्याच्या परीक्षेतले वाटतात. तुम्ही राजाला सर्वज्ञ केलंत आणि सर्वज्ञ करून जन्मठेप दिलीत. त्याचा एकमेव विजय होता न कळण्यात, तेवढाच तुम्ही काढून घेतलात.

राजाला कोंडून ठेवणं म्हणजे काय, हे निदान रत्नागिरीला सांगायला येऊ नका. इंग्रजांनी १८८५ मध्ये मंडालेतून उचललेला ब्रह्मदेशाचा थिबा राजा आमच्याकडे तीस वर्षं होता. त्याच्यासाठी टेकडीवर वाडाही बांधला. १९१६ मध्ये तो इथेच वारला, समाधीही इथेच आहे. मोठा वाडा आणि बंद वाट हे काय प्रकरण असतं, ते या गावाने पाहिलेलं आहे. तुम्ही राजाला वाडासुद्धा दिला नाहीत, नुसतं प्रेत दिलंत.

आणि वेताळाची तरी कोणती सोय पाहिलीत? वेंगुर्ल्याकडे आरवलीला, जो भाग १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होता, वेतोबा गावाचा राखणदार आहे. रात्री तो गावभर फिरतो, म्हणून लोक त्याला भल्यामोठ्या चपला वाहतात आणि त्या झिजतात असं सांगतात. आमच्याकडे वेताळ माणसांसाठी पायपीट करतो. तुमच्याकडे तो दर महिन्याला उलटा टांगून घ्यायचा आणि चपला झिजायच्या त्या बिचाऱ्या राजाच्या.

पुढे लिहायचंच होतं, तर कसं लिहावं याचा धडाही समोर होता. मुंडकी बदललेल्या नवऱ्याची ती जुनी गोष्ट घ्या. बायकोच्या भावाचं डोकं नवऱ्याच्या धडावर, नवऱ्याचं भावाच्या. राजाने झटकन निकाल दिला, डोकं श्रेष्ठ, ज्याचं डोकं तो नवरा. टॉमस मानने १९४० मध्ये तिला कादंबरीचं रूप दिलं, भावाच्या जागी मित्र आणला. त्यावरून गिरीश कर्नाडांनी ‘हयवदन’ नाटक लिहिलं आणि तुमच्या-आमच्याकडच्याच चिं. त्र्यं. खानोलकरांनी ते मराठीत आणलं. या मंडळींनी सव्विसावा प्रश्न रचला नाही. राजाने ज्याचं उत्तर देऊन टाकलं होतं, तोच प्रश्न त्यांनी पुन्हा उघडला आणि विचारलं, डोकं श्रेष्ठ म्हणतोस, पण धडाला काही आठवत असेल तर? राजाच्या उत्तराने ‘हयवदन’मधल्या कपिल-देवदत्त-पद्मिनी यांचं काही सुटत नाही. जुन्या नायकाचं आयुष्य वाढवायची हीच एक प्रामाणिक रीत : त्याच्या उत्तरावर शंका घ्यायची.

तेव्हा निकाल असा. नवी गोष्ट लिहिल्याबद्दल तुम्ही निर्दोष. मुलांना वाचायची गोडी लावल्याबद्दल आभार, ते मनापासून. राजाला एकदाही अडखळू न दिल्याबद्दल मात्र दोषी, आणि शिक्षा अशी, की आणखी एक गोष्ट तुम्हीच लिहायची. तिच्यातल्या प्रश्नाचं उत्तर राजाला येता कामा नये, वेताळाला येता कामा नये आणि मुख्य म्हणजे तुम्हालाही येता कामा नये. तसा प्रश्न सापडेपर्यंत लेखणी खाली ठेवा. सापडला की राजाला एकदाचं घरी जाऊ द्या. पैठण काही फार लांब नाही.

आपला,
एक जुना वर्गणीदार
रत्नागिरी