मध्यमश्रेणी-मीमांसा, अर्थात गतविजेत्याचा लोप

वरच्यांवर चरित्रग्रंथ निघतात, खालच्यांवर चित्रपट. विजय बारसे यांनी नागपुरात २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉल सुरू केला, त्या कामावरून २०२२ मध्ये ‘झुंड’ आला. मधल्यांच्या वाट्याला मात्र वर्तमानपत्रात चार ओळी, त्याही जागा उरली तर. नागपूर जिल्हा फुटबॉल संघटनेच्या साखळीत सर्वांत वर एलिट डिव्हिजन आहे. कामठीचा रब्बानी क्लब, राहुल क्लब, यंग मुस्लिम ही तिथली वजनदार नावे. तिच्या खाली सुपर डिव्हिजन. प्रस्तुत प्रबंध या सुपर डिव्हिजनवर आणि तिच्या दूरदेशीच्या भावंडांवर आहे.

हे संशोधन नागपुरातच का, असा पूर्वपक्ष कोणी मांडील. मग कुठे करावे? इथे झिरो माइलचा खांब आहे, शेजारी चार घोडे आहेत, आणि देशाचा मध्य हाच, असे रिक्षावाल्यापासून शिक्षकापर्यंत सगळे सांगतात. १८६१ मध्ये इंग्रजांनी मध्य प्रांत केला, राजधानी नागपूर. पुढे मध्य प्रदेश झाला, राजधानी १९५६ पर्यंत नागपूर. त्यानंतर १९५३ च्या नागपूर कराराच्या पुण्याईने वर्षाकाठी एक अधिवेशन उरले, म्हणजे राजधानीही नाही आणि निव्वळ जिल्ह्याचे ठिकाणही नाही. रेल्वेसुद्धा आमच्या वाट्याला आली ती दक्षिण पूर्व मध्य. तिचा फुटबॉल संघ नावात ‘मध्य’ असूनही एलिटमध्ये खेळलेला आहे, ही आमच्या मध्य-मीमांसेला लागलेली पहिली ठेच. तिच्याकडे आम्ही विद्वानांच्या प्रथेप्रमाणे दुर्लक्ष करतो.

आता लक्षण. जिंकला तर वर जातो, आपटला तर खाली जातो आणि दोन्ही न जमल्यास जागेवर राहतो, तो मध्यम संघ. हे लक्षण वर्ग दोनच्या अधिकाऱ्यालाही लागू पडते, म्हणून त्यात अतिव्याप्तीचा दोष आहे, असा आक्षेप येतो. आक्षेप फेटाळला आहे. अधिकारी आपटला तरी खाली जात नाही, फार तर गडचिरोलीला जातो.

या लक्षणातून जो सिद्धांत निघतो, तो आमच्या मते क्रीडाशास्त्रात मूलगामी ठरावा: मधल्या श्रेणीत गतविजेता नसतो. वरच्या श्रेणीत विजेता पुढच्या वर्षी विजेतेपद राखायला उतरतो. मधल्या श्रेणीचा विजेता पुढच्या वर्षी हजरच नसतो, कारण जिंकण्याचे बक्षीस म्हणजे त्या स्पर्धेतून हकालपट्टी. पुन्हा जिंकायचे तर आधी वर जाऊन सपाटून हरावे लागते. म्हणजे तिथला विजेत्यांचा फलक ही खरे तर सोडून गेलेल्यांची यादी असते.

पुरावा आयर्लंडमधून आणला आहे. तिथे गेलिक फुटबॉल नावाचा खेळ आहे. एका बाजूला पंधरा जण, चेंडू हातानेही खेळायची मुभा, आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर तीन गुण, वरून गेला तर एक. (२०२५ पासून लांबून मारलेल्याला दोन, मंडळी आपल्याच खेळावर अजून प्रयोग करताहेत.) खेळाची संघटना १८८४ ची, आणि खेळाडूंना पगार नाही. क्लबांच्या तीन पायऱ्या: सीनियर, इंटरमीजिएट, ज्युनियर. ज्युनियरचा वयाशी संबंध नाही, चाळिशीचा गृहस्थही तिथे सुखाने ज्युनियर असतो. मधल्या पायरीची अखिल आयर्लंड स्पर्धा २००४ पासून होते. आधी परगणा जिंकायचा, मग चारांपैकी आपला प्रांत, मग डब्लिनच्या क्रोक पार्कवर अंतिम सामना. केरी परगण्याने ही स्पर्धा २०१६, २०१९ आणि २०२३ मध्ये जिंकली. पण २०१६ मध्ये सेंट मेरीज, मग किलकमिन, मग रॅथमोर. परगणा तोच, क्लब दर वेळी नवा. सिद्धांताला याहून धडधाकट आधार मिळणे कठीण.

त्यातली खरी गंमत वेळापत्रकात आहे. परगण्याची स्पर्धा वर्षाच्या उत्तरार्धात संपते आणि विजेत्याची बढती तिथेच पक्की होते. अंतिम सामना मात्र सहसा जानेवारीत. म्हणजे क्रोक पार्कवर उतरलेले दोन्ही संघ कागदोपत्री सीनियर झालेले असतात आणि इंटरमीजिएटच्या करंडकासाठी जिवाच्या आकांताने झुंजत असतात.

इंग्रजांनी मधलेपणाच्या दुखण्यावर नामांतराचा उतारा काढला. त्यांच्या फुटबॉलमधल्या दुसऱ्या श्रेणीला १९९२ पासून ‘फर्स्ट डिव्हिजन’ म्हणत, २००४ पासून ‘चॅम्पियनशिप’. आमची ‘सुपर’ त्याच घराण्यातली.

प्रेक्षकांबद्दल लिहायलाच हवे, कारण मधल्या श्रेणीचा प्रेक्षक हा स्वतंत्र प्राणी आहे. वरच्या श्रेणीचा प्रेक्षक संघ जिंकावा म्हणून येतो. मधल्या श्रेणीचा मात्र संघ जिंकला तर काय होईल, या काळजीने येतो. दोन गोलांची आघाडी असताना मैदानाच्या कडेला ऐकू येते: “खेळून तं चांगलं राहिले, पण वर गेले तं तिथं पाच-पाच गोल खातीन ना बे!” हे नैराश्य नव्हे. ही दूरदृष्टी आहे, आणि ती चहाच्या दोन घोटांमध्ये व्यक्त होते.

एक प्रश्न पुढच्या संशोधकांसाठी सोडतो. करंडक फिरता असेल, तर विजेत्याने तो वर्षाअखेर परत आणून द्यायचा असतो. पण ज्या स्पर्धेत आपण आता खेळत नाही, तिच्या मैदानावर तो घेऊन जायचे कोणी? कप्तान म्हणतो सचिवाने, सचिव म्हणतो कप्तानाने, आणि दोघांचे एकमत एवढ्यावरच होते की करंडक स्कूटरच्या पुढच्या जागेत मावत नाही.