साखर तिकडे, चिंच इकडे

ढोकीच्या माणसाला ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, समजावून सांगायला जाऊ नये. तेरणा कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळं लावत जे गाव वाढलं, तिथे पानटपरीवरचा माणूससुद्धा उतारा, बगॅस आणि मळी यांवर अधिकारवाणीने बोलतो. मधली कित्येक वर्षं कारखाना बंद होता तेव्हा तर जास्तच बोलायचे. ऐकायला वेळ होता. आमचे तात्या या मंडळींचे शिरोमणी. उभी हयात साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेलेली, गळ्यात तुळशीची माळ, आषाढी कधी चुकली नाही. अशा माणसाला घेऊन मी वाइनचा कारखाना बघायला निघालो, याचं खापर तात्यांच्या भाच्यावर फोडावं लागेल.

भाचा इंग्लंडात कॉम्प्युटरवर काम करतो. गेल्या ऑक्टोबरात त्याने एक फोटो पाठवला. गुडघ्यापर्यंत चिखल, अंगात रेनकोट, हातात कात्री, समोर द्राक्षांचे क्रेट. ससेक्समधल्या एका सेंद्रिय बागेत तोडणीला गेला होता. तात्यांनी फोटो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला आणि म्हणाले, "पोराची नोकरी गेली बघ."

नोकरी शाबूत होती. सुट्टीच्या दिवशी हौसेने गेला होता. दिवसभर घड तोडायचे, दुपारी मांडवाखाली पाव, चीज आणि सूप, जाताना हातात एक बाटली. पैसे नाहीत.

"उचल किती घेतली?"

"उचल नाही, तात्या."

"मग मुकादम काय खातो?"

मुकादमही नाही म्हटल्यावर तात्या बराच वेळ गप्प होते. कोयता घेऊन, पोरंबाळं गाडीत घालून, सहा महिने मुलूख सोडणाऱ्या टोळ्या ज्याने आयुष्यभर पाहिल्या, त्याला हौसेची तोडणी पचणं अवघडच. मी सांगितलं की आपल्या नाशकातही लोक तिकीट काढून द्राक्षं पायांनी तुडवायला जातात आणि त्याचे फोटो काढतात. "तुडवताना नाम घ्यायचं असतं," तात्या म्हणाले. नाम घेत माती तुडवणाऱ्या संत गोरोबाकाकांचं तेर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे या विषयात त्यांचा शब्द शेवटचा.

पण इंग्रज माणूस त्या थंडीत द्राक्ष पिकवतो कसा, हे कोडं काही त्यांच्या डोक्यातून जाईना. तिथली सर्वांत जुनी सेंद्रिय बाग म्हणवणारी सेडल्सकोम्बची बाग १९७९ सालची आहे, हे ऐकून तर ते अस्वस्थच झाले. ससेक्सला जाणं शक्य नव्हतं. अकलूजला जाणं शक्य होतं. अकलूजकडच्या माळावर इटलीचे सेच्ची, दिल्लीचे सेखरी आणि तिथलेच मोहिते-पाटील अशा तीन घरांतल्या भावांनी मिळून 'फ्रातेल्ली' नावाने वाइनचा उद्योग उभा केला आहे आणि वाइन करायला टस्कनीहून पिएरो मासी नावाचा जाणता माणूस आणला. तीन घरचे भाऊ आणि एक जमीन, हे ऐकून तात्यांनी पहिला प्रश्न विचारला तो बांधाचा.

फेब्रुवारीत निघालो. तडवळे, येडशी, बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी. या मुलखाची जुनी सोबतीण म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची ती गाडी एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरने १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी सुरू केली आणि १९११ साली ती ढोकीवरून लातूरला पोचली. आता रूळ रुंद झाले. याच कॅलथ्रॉपने पुढे विमानातून उडी मारण्यासाठी पॅराशूट तयार केलं, असं मी सांगितलं, तर तात्यांना जराही नवल वाटलं नाही. "बार्शी लाइटमध्ये बसलेल्या माणसाला उडी मारायचंच सुचणार."

रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या होत्याच. टेंभुर्णीच्या पुढे भीमा ओलांडली की दोन्ही बाजूंना ऊस, ऊस आणि मग अचानक तारांवर बांधलेल्या वेली. तात्यांनी खिडकीतून त्यांच्याकडे सोयरीक बघायला आल्यासारखं पाहिलं.

वायनरी दाखवायला एक चुणचुणीत मुलगी होती. "काका, आमच्याकडे तोडणी पहाटेच्या गारव्यात करतात," तिने सुरुवात केली. "द्राक्षाचा ब्रिक्स साधारण बावीस-चोवीसच्या..." इथे तात्यांनी हात वर केला आणि पुढचा अर्धा तास पाहुणे कोण आणि यजमान कोण, ते कळेनासं झालं. रिफ्रॅक्टोमीटर कुठल्या बाजूने उजेडाला धरायचा, नमुना ओळीच्या कुठल्या टोकाचा घ्यायचा, शेतकरी नमुन्यात कशी लबाडी करतो, हे सगळं तात्यांनी सांगितलं. मुलगी गुणाची. तिने ऐकून घेतलं आणि मग शांतपणे त्यांना पेचात टाकलं.

"काका, वाइनच्या द्राक्षाला एकरी चार-पाच टनांच्या वर माल आम्हाला नकोच असतो. जास्तीचे घड आधीच कापून टाकायचे."

"कापून? टाकायचे?"

एकरी टन वाढावा म्हणून जो माणूस जन्मभर परिसंवादांना जाऊन बसला, त्याच्यासमोर असं बोलू नये. खाण्याच्या द्राक्षाचा बागायतदार एकरी दहा-बारा टन घेतो आणि इथे हौसेने अर्ध्यावर यायचं! त्यातून सावरून तात्यांनी यंत्रं पाहिली. क्रेट ओतायची जागा त्यांनी गव्हाण म्हणून ओळखली, दाबयंत्राला मिल म्हटलं. देठ वेगळे होतात, पांढरीचा रस लगेच गाळून घेतात, तांबडीचा रस सालीसकट आंबतो कारण रंग सालीत असतो. स्टीलच्या टाक्यांभोवती गार पाणी फिरतं, नाहीतर आंबताना रस तापून वास उडून जातो. हे सगळं त्यांना पटलं. मग त्यांनी चोथ्याची चौकशी केली. चोथा खताला जातो.

"आणि मळी?"

"मळी निघत नाही, काका."

तात्या माझ्याकडे वळले. "आपण आधी साखर काढून घेतो आणि राहिलेल्या मळीची दारू करतो. हे साखरेसकट करायलेत. उधळी माणसं." लगेच पुढचा प्रश्न: "एफआरपी काय बसते? चौदा दिवसांत देतात का?" एफआरपी म्हणजे उसाला सरकारने ठरवून दिलेला किमान दर, आणि ते पैसे चौदा दिवसांत द्यावेत असं १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलेलं आहे. लिहिलेलं आहे, हे तात्यांना पाठ आहे.

चव घेण्याच्या दालनात मी माझं कर्तव्य केलं. माळकऱ्याला घोट वर्ज्य, पण वास वर्ज्य आहे असं कुठल्याही कीर्तनात ऐकलं नसल्याने तात्यांनी पेल्यात नाक घातलं. मला पांढऱ्या वाइनला वाइनचा वास आला. तात्या म्हणाले, "पिकला पेरू. आणि ढोबळी मिरची देठापाशी मोडल्यावर येतो तो वास." मुलीने चमकून पाहिलं, सोव्हिन्यों ब्लांबद्दल जाणकार हेच सांगतात. तांबडीत त्यांना तंबाखूचा बटवा सापडला. मळीच्या टाक्यांवर तयार झालेलं नाक आहे, त्याला फ्रान्समध्ये पगार मिळाला असता. शेजारच्या भांड्यात घोट थुंकून टाकायचा असतो हे कळल्यावर मात्र ते हसले. इतकं करून थुंकायचंच, तर मग माळ काढायची तरी कशाला?

संध्याकाळी भाच्याला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे भर दुपार आणि वेली सांगाड्यासारख्या उभ्या, पान नाही. छाटणी चालू होती. तात्यांना ते फार लागलं. आपल्याकडे एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी. वेलीला वर्षभर झोप म्हणून नाही. तिकडे ती पाच-सहा महिने निजते. जागी झाली की एप्रिल-मेमधलं दहिवर कोंब जाळतं, म्हणून रात्री ओळींमधून मोठाल्या मेणबत्त्या पेटवून ठेवतात. निफाडचे बागायतदार थंडीत बागेत शेकोट्या करतात, तोच प्रकार. पुढे पाऊस, केवडा, भुरी आणि सेंद्रिय म्हणून औषधांची निम्मी कपाटं बंद. शेवटी द्राक्ष गोड व्हायला लागलं की बॅजर नावाचा प्राणी येऊन खालचे घड खातो. त्याला कायद्याचं संरक्षण आहे. रानडुकरांपायी भुईमूग सोडून दिलेल्या तात्यांनी इथे इंग्रजाला पहिल्यांदा आपलं मानलं.

"इतकं करून ब्रिक्स किती लागतो रे?"

"सोळा-सतरा. अठरा लागला तर पेढे."

"त्याची दारू कशी होईल? पाणीच की!"

"साखर घालतात, तात्या. रस आंबताना. कायद्याने चालतं. सेंद्रिय वाइनला सेंद्रिय साखर."

फोनच्या दोन्ही बाजूंना शांतता पसरली. मग मी माहिती पुरवली की या रीतीला शाप्तालचं नाव आहे. हा शाप्ताल नेपोलियनचा मंत्री, आणि फ्रान्समध्ये बिटाच्या साखरेचा पाठपुरावा करणाऱ्यांतलाही एक.

"म्हणजे साखर आणि मंत्री तिकडेही एकाच घरचे," तात्या म्हणाले.

उलट आपल्या उन्हात साखर चढते आणि आंबटपणा उतरतो, म्हणून उष्ण मुलखातल्या वाइनमध्ये टार्टारिक आम्ल घालतात. हे दुपारी त्या मुलीकडून ऐकलेलं. टार्टारिक म्हणजे चिंचेत असतं ते. तात्यांनी एकदम मांडी बदलली. साखर आपल्याकडे पडून, त्यांना साखर पाहिजे. अकलूजला आंबट पाहिजे, बार्शीला चिंचेचा बाजार. मधे दलाल नको, भाचा आहेच. परतीच्या वाटेवर टेंभुर्णीपासून येडशीपर्यंत ते वाहतुकीचा हिशोब करत होते. इंग्रज काय आणि अकलूजकर काय, आभाळाने जे कमी दिलं ते पोत्यातून भरून काढतो, हे त्यांना आम्हा सगळ्यांच्या आधी कळलं होतं. बाटलीवरच्या कागदावर ते कोणी छापत नाही, एवढंच.

वाइनच्या वासाचं प्रायश्चित्त म्हणून येताना तेरला गोरोबाकाकांच्या पायाशी गेलो आणि गेलोच आहोत तर लामतुरे वस्तुसंग्रहालयही पाहिलं. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या खलाशांच्या वाटाड्या ग्रंथात ते पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलंय. इथलं कापड गाड्यांतून भडोचला जायचं. भडोचला उतरणाऱ्या मालात वाइन आहे, तीही इटलीची पहिल्या पसंतीची. म्हणजे पिएरो मासी यायच्या दोन हजार वर्षं आधी इटलीचा माल या बाजूला ठाऊक होता. आणि इकडून आफ्रिकेच्या किनाऱ्याला जाणाऱ्या मालाची यादीही त्याच ग्रंथात आहे: गहू, तांदूळ, तूप, तिळाचं तेल, सुती कापड आणि बोरूतून निघणारा मध, म्हणजे साखर.

चिंच त्या यादीत नाही. तात्यांनी बार्शीच्या आडत्याला भाव विचारून ठेवला आहे.