प्रवेश विनामूल्य

विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाची पत्रिका हातात पडली की तळाशी बारीक अक्षरांत 'प्रवेश विनामूल्य' असं छापलेलं असतं. अनुभवी माणूस ते वाचून सावध होतो. तिकीट काढून गेलेल्या माणसाला नाटक आवडलं नाही तर मध्यंतरात वडा खाऊन तसंच घरी निघून जाता येतं. पैसे मोजलेत म्हटल्यावर तेवढा हक्क असतो. फुकट गेलेल्याला तो नसतो, आणि तो नटीचा मामा असेल तर मुळीच नसतो.

माझी भाची आमच्याकडे राहून नाट्यशास्त्रात एम. ए. करत होती. विद्यापीठाचं नाव सांगत नाही, कारण अजून आमचे संबंध चांगले आहेत. तिच्यामुळे सगळा वर्ग मला मामा म्हणू लागला आणि पुढे त्यांनी मला रीतसर मामा बनवलंही.

व्यावसायिक नाटकाचा निर्माता बुकिंगच्या तक्त्याकडे बघतो, राज्य नाट्य स्पर्धेतला हौशी नट परीक्षकांकडे बघतो आणि प्रायोगिकवाला समोर बसलेल्या दुसऱ्या प्रायोगिकवाल्याकडे बघतो. विद्यापीठातलं नाटक क्रेडिटकडे बघतं. त्याला प्रेक्षक नकोच असतात, उपस्थिती हवी असते. त्यामुळे हॉलमध्ये कोण, तर नटांचे आईवडील, मामा-मामी, मेसच्या काकू, ज्यांची हजेरी लागणार आहे अशी पहिल्या वर्षाची मुलं आणि पहिल्या रांगेत मध्यभागी एकटेच बसलेले, कुणाकडे बघून न हसणारे एक गृहस्थ. हे बहिःस्थ परीक्षक.

प्रेक्षागृहात सगळे घरचेच असायचे, याला शास्त्राधार आहे. नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात पहिल्या नाटकाची हकिगत दिली आहे. ब्रह्मदेवानं नाट्यवेद भरतमुनींना दिला, त्यांनी तो आपल्या शंभर मुलांना शिकवला आणि इंद्राच्या ध्वजोत्सवात प्रयोग लावला. म्हणजे नटसंच घरचा. समोर बसलेले देव आणि दैत्य हे दोघेही कश्यपाची मुलं, फक्त आया वेगळ्या. म्हणजे प्रेक्षकही एकाच घरचे. आणि विषय कोणता निवडला, तर देवांनी दैत्यांना कसं झोडपलं! निम्म्या नातेवाइकांना बोलावून त्यांच्यासमोर त्यांचीच फजिती करायची म्हटल्यावर दुसरं काय होणार? दैत्यांनी विघ्नांना हाताशी धरून नटांची वाचा, हालचाल आणि स्मरणशक्ती या तिन्ही गोष्टी बंद पाडल्या. इंद्रानं ध्वजाची काठी उपसून विघ्नांना बडवलं आणि त्यानंतर ब्रह्मदेवानं विश्वकर्म्याला बंदिस्त नाट्यगृह बांधायला सांगितलं. आमच्याकडेही वाचा, हालचाल आणि स्मरणशक्ती बंद पडते, पण तेवढ्यासाठी विघ्नं लागत नाहीत. परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं की पुरतं.

माणसांसाठीच्या नाट्यगृहाचं माप भरतमुनींनी ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद असं दिलं आहे. आमच्या विभागाच्या वाट्याला आलेल्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये पूर्वी जुन्या उत्तरपत्रिका ठेवायचे. भिंतींना काळा रंग फासला, काळे पडदे सोडले आणि त्याला 'ब्लॅक बॉक्स' म्हणू लागले. काळ्या अंधारात काळ्या खुर्चीवर बसताना आपण कुणाच्या तरी आजीच्या मांडीवर तर बसत नाही ना, ही खात्री हातानं चाचपडून करता येत नाही. तोंडानंच विचारावं लागतं.

या नाटकांत दिसतं ते सगळं कुणाच्या तरी परीक्षेचा विषय असतं. एकाचा पेपर वेशभूषेचा, दुसरीचा संगीताचा, तिसऱ्याचा नेपथ्याचा. प्रत्येकाला आपलं काम परीक्षकांच्या डोळ्यांत भरवायचं असतं. प्रकाशयोजनेला एकदा तीन विद्यार्थी होते, म्हणून एकाच सकाळी तीन वेळा उजाडलं. आधी निळं, मग पिवळं, मग तांबडं. पार्श्वसंगीतवाल्या मुलीला वेळ मिळेना, तेव्हा तिनं नायकाच्या स्वगतावर बासरी सोडली. स्वगत कुणाला ऐकू आलं नाही, पण बासरीला गुण चांगले पडले.

भाचीचे सर मोठे तळमळीचे. इब्राहिम अल्काझींनी १९६३ साली राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या मुलांना घेऊन दिल्लीच्या फिरोजशहा कोटल्याच्या अवशेषांत धर्मवीर भारतींचं 'अंधा युग' केलं, हे सांगताना त्यांचे डोळे अजून पाणावतात. आमच्या गावात कोटला नाही. पण विद्यापीठात ठेकेदारानं अर्धवट सोडलेली एक इमारत आहे. गंजलेल्या सळया वर आलेल्या, खाली खडी पसरलेली. महाभारत युद्धाच्या अठराव्या दिवसाची संध्याकाळ दाखवायला याहून चांगली जागा कुठे मिळणार? सरांनी तिथेच 'अंधा युग' लावलं. आम्ही सिमेंटच्या ठोकळ्यांवर बसलो होतो.

या नाटकात राजवाड्याच्या ओसाड व्हरांड्यात येरझारा घालणारे दोन प्रहरी आहेत. ते दोघे भाले टेकत इकडून तिकडे जात असताना तिसऱ्या बाजूनं हातात काठी आणि बॅटरी घेतलेला एक वयस्कर प्रहरी आला. चाल अगदी थकलेली. त्यानं बॅटरीचा झोत आधी कौरवांवर, मग आमच्यावर टाकला आणि खर्जात विचारलं, "इथं कुणाच्या परवानगीनं चाललंय हे सगळं?"

अंगावर काटा आला. इतका युद्धसंहार झाल्यावर हा प्रश्न कुणीतरी विचारायलाच हवा होता. गांधारी गप्प, अश्वत्थामा गप्प, सरही गप्प. परीक्षक भराभर लिहू लागले. उत्तर येत नाही असं पाहून प्रहरी म्हणाला, "साहेबांना फोन लावतो," आणि अंधारात निघून गेला. टाळ्या पडल्या. तो विद्यापीठाचा रात्रपाळीचा वॉचमन होता हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. चर्चेच्या वेळी मात्र परीक्षकांनी त्या भूमिकेतल्या संयत अभिनयाचा खास उल्लेख केला, आणि ती भूमिका कुणाची असं विचारल्यावर तीन मुलांनी हात वर केले.

वरच्या मजल्यावर नृत्य विभाग आहे. तिथली मुलं आणि इथली मुलं एकाच कॅन्टीनमध्ये चहा पितात, त्यामुळे आम्हाला तिथलीही आमंत्रणं येऊ लागली. नाटकात निदान संवाद अडला की आपल्याला कळतं. नृत्यात टाळी कुठे द्यायची इथपासून सुरुवात. कथकच्या पहिल्याच कार्यक्रमाला तिहाईचा पहिला तुकडा संपताच मी जोरात टाळी दिली. शेजारची मुलगी म्हणाली, "मामा, अजून दोनदा येईल. समेवर द्या." समेवर द्यायला मी हात उचलून तयार बसलो, तर ती फसवी निघाली. तेव्हापासून मी सरांकडे बघतो आणि त्यांच्यामागोमाग टाळी देतो. त्यांचं लक्ष परीक्षकांकडे असतं.

भरतनाट्यमच्या मॅडम मात्र कार्यक्रमाआधी सगळं समजावून सांगतात. अलारिप्पू, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम् हा जो क्रम आज ठरून गेला आहे, त्याला तंजावरच्या चार भावांनी आकार दिला आणि ते आपल्या सरफोजी राजांच्या पदरी होते, हे त्यांनी सांगितलं तेव्हा आमच्या हिची मान उगाचच ताठ झाली. पुढे १८८० साली सयाजीराव गायकवाडांशी लग्न होऊन तंजावरची मुलगी बडोद्याला आली, तिच्याबरोबर नर्तकी आणि वादकांचा ताफाच आंदण आला. त्या परंपरेतले गुरू पुढे बडोद्याच्या विद्यापीठात शिकवू लागले. "माझ्या माहेरहून फक्त मिक्सर दिला होता," असं ही मला कानात म्हणाली. मग वर्णम् सुरू झालं. विरहानं पोळलेली नायिका सखीला विनवते, की जा, माझ्या स्वामींना घेऊन ये. पाऊण तास ती विनवत होती. पापणी, भुवई, करंगळीचं टोक, एकेका ओळीचे दहा-दहा अर्थ. मुलगी विलक्षण नाचत होती, आणि तरी हिच्यातली गृहिणी स्वस्थ बसेना. "एवढ्या वेळात स्वतः जाऊन आणला असता," ती पुटपुटली. पुढच्या रांगेतल्या मॅडमनी वळून पाहिलं आणि त्याही हसल्या.

आमच्या घरचं कपाट नाटकात गेलं ते 'चेरीची बाग'च्या वेळी. अंतोन चेकॉव्ह म्हणत राहिला की ही कॉमेडी आहे, आणि १९०४ साली मॉस्को आर्ट थिएटरमध्ये स्तानिस्लावस्कीनं तिची शोकांतिका करून टाकली. वर त्यानंच गायेवचं काम केलं. हा गायेव पहिल्या अंकात शंभर वर्षांच्या एका जुन्या कपाटापुढे उभा राहून, गहिवरून भाषण करतो. नेपथ्याच्या मुलानं गावभर कपाटं पाहिली आणि शेवटी आमच्या दिवाणखान्यातल्या सागवानी कपाटापाशी येऊन थांबला. दार उघडून त्यानं त्याची करकर दोनदा ऐकली. "मामी, हाच आवाज हवा होता," तो म्हणाला. ही गेली कित्येक वर्षं त्या बिजागऱ्यांना तेल घाला म्हणून माझ्यामागे लागली होती. माझ्या आळसाला कलामूल्य आहे असं त्या दिवशी प्रथमच सिद्ध झालं.

टेम्पो आला, कपाट गेलं. हिनं साड्या काढून घेतल्या होत्या. खालचा खण अडकत असल्यामुळे तो तसाच गेला. प्रयोगाच्या दिवशी आमच्या कपाटावर प्रकाश पडला तेव्हा ते ओळखू येईना. त्यावर मुलतानी माती फासून शंभर वर्षांची धूळ केली होती. "पॉलिशचे अडीच हजार गेले," ही म्हणाली.

आता, गायेवच्या भाषणाआधी त्या कपाटाला आणखी एक काम आहे. वार्या किल्लीनं ते उघडते, त्यातून पॅरिसहून आलेल्या तारा काढते आणि मालकीणबाई रानेव्हस्कायाला देते. ती त्या न वाचता फाडून टाकते. पॅरिसचा विषय संपला. आमची भाची वार्या होती. तिनं वरच्या फळीवर हात घातला. तारा तिथे नव्हत्या. त्या विंगेतच राहिल्या होत्या. पण पोरगी तयारीची. तिनं खालच्या अडकणाऱ्या खणाला असा काही हिसडा मारला की तो निघाला, आणि त्यात हात घालून लागतील ते दोन कागद तिनं रानेव्हस्कायाच्या हातात ठेवले. एकाच्या कोपऱ्यावरचा महापालिकेचा जांभळा शिक्का मला तिसऱ्या रांगेतून दिसला.

ती आमच्या मालमत्ता कराची पावती होती. रानेव्हस्कायानं ती छातीशी धरली. डोळे मिटले. मग हळूच, अगदी घडीच्या रेषेवर, तिचे दोन तुकडे केले, दोनांचे चार केले आणि दुसरा कागद, म्हणजे वसुलीची नोटीसही, त्याच गतीनं फाडून जमिनीवर सोडून दिली. कर्जापायी बाग आणि वाडा हातचा जायची वेळ आलेल्या घराण्याच्या नाटकात याहून नेमका कागद फाडता आला नसता. ही खुर्चीतून उठली. मागून कुणीतरी म्हणालं, "बसा हो काकू." ही बसली, आणि गायेव कपाटाला उद्देशून रडू लागला तेव्हा साऱ्या हॉलमध्ये त्याच्याबरोबर मनापासून रडणारी ही एकटीच होती.

शेवटच्या अंकात बागेतल्या झाडांवर कुऱ्हाडीचे घाव ऐकू येतात. त्याच सुमारास वरच्या मजल्यावर कथकची तालीम सुरू झाली. छतातून तत्कार असा खाली उतरत होता, की परीक्षकांनी ध्वनियोजनेची तोंडभर स्तुती केली. घरी येताना ही बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "फाडलं छान हं तिनं. फक्त घाई केली. मी असते तर आधी उलटीपालटी करून बघितली असती."

मी हळूच हिच्याकडे पाहिलं. बाधा झाली होती.

लोक विचारतात, काय मिळतं तुम्हाला तिथे जाऊन? मी म्हणतो, बाहेरच्या निर्मात्याला बस, नाइट आणि थिएटरचं भाडं यांची बेरीज करावी लागते, म्हणून त्याच्या नाटकात चार माणसं आणि एक सोफा असतो. पंधरा-वीस पात्रांचा चेकॉव्ह, कौरव-पांडवांच्या घराण्यांचा अख्खा सत्यानाश, पाऊण तासाचं वर्णम् हे त्याला परवडायचं नाही. इथे परवडतं, कारण इथे नाटक पडलं तर कुणी बुडत नाही. फार तर कुणाला तरी एटीकेटी लागते. पडायची मुभा असल्याशिवाय माणूस एवढी मोठी उडी घेत नाही. आणि दहांतली एखादी उडी अशी बसते, की तिकिटाचे पैसे द्यायला खिडकी नाही याची चुटपुट लागते.

भाची गेल्या वर्षी पास होऊन मुंबईला गेली. आता आपण सुटलो असं मला वाटलं. परवा सरांचाच फोन आला. या सत्रात आयनेस्कोचं 'खुर्च्या' करताहेत. १९५२ सालचं नाटक. एक म्हातारा, एक म्हातारी, आणि त्यांच्या घरी येत राहणारे पाहुणे, जे कुणालाच दिसत नाहीत. त्यांच्यासाठी ही दोघं खुर्च्यांवर खुर्च्या आणून मांडतात, इतक्या की रंगमंचावर पाय ठेवायला जागा उरत नाही. "आमच्या विभागाला अगदी सोयीचं आहे," सर म्हणाले. "प्रेक्षक अदृश्यच आहेत. फक्त वहिनींना विचारा, चाळीस खुर्च्यांची सोय होईल का?"

मी फोन हिच्याकडे दिला. ही म्हणाली, "सोसायटीच्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या आहेत, सेक्रेटरींना सांगते. पण सर, म्हातारीचं काम कोण करतंय?"

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग सरांनी सावधपणे सांगितलं की भूमिका दमछाक करणारी आहे, आणि शेवटी म्हातारी खिडकीतून उडी मारते.

"मारू की," ही म्हणाली. "आपला हॉल तळमजल्यालाच आहे."