मु. पलंगाखाली, पो. नाकाडोंगरी

रा. रा. मोतीचूर वाघ यांस,
मु. पलंगाखाली, पो. नाकाडोंगरी, ता. तुमसर, जि. भंडारा.

‘सप्रेम’ लिहायला हात धजत नाही, तेव्हा नुसताच नमस्कार घ्यावा.

पत्रास कारण की, आमच्या अंगणात उमटलेल्या आपल्या पावलांच्या ठशांची वनरक्षकांनी रीतसर पाहणी केली असून ते ठसे वाघाचे नाहीत, असा निर्वाळा दिला आहे. आपण वाघ असल्याचा दावा यापुढे कशाच्या जोरावर करणार, ते कळवावे. पाहणी चालू असताना आपण नेहमीप्रमाणे झोपला होतात, म्हणून झाला प्रकार सविस्तर लिहिते.

रात्रभर पाऊस पडून गेलेला. धुण्याच्या दगडाजवळची माती लोण्यासारखी मऊ झालेली. आमच्या दोन्ही कन्या तिथे उकिडव्या बसल्या होत्या. आरडाओरडा नाही, झिंज्या ओढणं नाही. घरात शांतता आहे याचा आनंद मी चहा उकळेपर्यंत घेतला. त्यांचं तंत्र असं : मूठ आडवी करून मातीत दाबायची, की झाला तळवा. त्याच्यावर अंगठ्याने चार टिकल्या, की झाली बोटं. एक ठसा थोरली काढी, दुसरा धाकटी. दगडापासून टाकीपर्यंत आपण पाणी प्यायला चालत गेलात, असा देखावा तयार झाला. जास्वंदीची फुलं न्यायला आलेल्या शेजारच्या काकूंनी तो पाहिला आणि माझा चहा गाळून व्हायच्या आत वाघ चौकात पोचला.

आता नाकाडोंगरीत वाघ ही गंमत नसते, हे आपल्याला पलंगाखाली राहून कळायचं नाही. वनपरिक्षेत्राचं कार्यालय गावातच आहे. एका अंगाला पेंच, दुसऱ्या अंगाला नवेगाव-नागझिरा, आणि मधल्या जंगलातून आपले भाऊबंद ये-जा करतात. मोहफुलं वेचायला, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला बाया भल्या पहाटे निघतात, त्या एक डोळा झुडपावर ठेवूनच. त्यामुळे कोणी हसलं नाही. दिवस धानाच्या रोवण्याचे. जंगलकाठच्या बांधीत रोवण्याला निघालेली बायांची टोळी आमच्या दारात थबकली. “आता काय जाता वो बाई,” म्हणत एकेक जण माघारी फिरली. दिवसाची मजुरी बुडाली. मोतीचूरराव, ती मजुरी आपण भरणार आहात का?

मग वनरक्षक आले. पोरगेलेसेच होते, पण मोजपट्टी काढून चक्क चिखलात गुडघे टेकून बसले. वाघ चालताना नखं आत ओढून घेतो, त्याच्या ठशात नख दिसत नाही. इथे प्रत्येक बोटाच्या टोकाला नखाची चंद्रकोर. वाघाच्या तळव्याला मागच्या बाजूला तीन फुगवटे असतात. इथे नुसता गोळा. आणि प्रत्येक दुसऱ्या ठशाच्या कडेला, मनगटाच्या अंगाला, एक बारीक वाकलेली रेघ. त्या रेघेकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी धाकटीचा हात हातात घेतला, आडवा केला आणि तिची हिरवी काचेची बांगडी त्या रेघेवर टेकवून पाहिली. तंतोतंत बसली.

“काहून वो बाई,” ते मला म्हणाले, “तुमच्या वाघानं बांगड्या कधी भरल्या?”

गल्ली खो खो हसली. थोरलीने मात्र मान खाली घातली नाही. तिने त्यांच्या डोळ्यांत बघून जबानी दिली, “हात आमचे होते, पण पाय मोतीचूरचेच होते.” त्यांनी हे डायरीत लिहून घ्यावं म्हणून ती थांबूनही राहिली.

इथवर ठीक होतं. हसू ओसरल्यावर उपदेश सुरू झाला. गल्लीतले एक वडीलधारे पुढे झाले. नाव लिहीत नाही, न जाणो, त्यांना खाऊन आपली वड्यांची सवय मोडायची. “पोरीच्या जातीले इतकं खोटं बोलणं बरं नाही,” ते म्हणाले. “आत्ताच आवरा, नाही तं उद्या सासरी नाव काढतीन.” त्याच घटकेला त्यांचा नातू आमच्या कुंपणावर चढून हातातल्या काडीने अख्ख्या गल्लीला गोळ्या घालत होता. मी मेले, वनरक्षक मेले, काकू फुलांसकट मेल्या. आजोबांचा ऊर भरून आला. “मिलिटरीत जाते तो.” म्हणजे पोराच्या हातातल्या काडीची बंदूक झाली तर तो शूर, आणि पोरींच्या मुठीचा वाघ झाला तर त्या खोटारड्या. मी तिथे काही बोलले नाही, कारण हातात चहाची गाळणी होती आणि ती फेकून मारावीशी वाटत होती.

नसलेला वाघ दाखवणं हा गुन्हा असेल, तर मग थोरामोठ्यांची झडती होऊनच जाऊ द्या. राजस्थानात सरिस्काच्या जंगलात वाघ होते. वहीत होते. मोजले जात होते, नोंदले जात होते. २००५ साली उघड झालं की जंगलात एकही उरलेला नाही. ती मोजणी पावलांच्या ठशांवरूनच होत असे! माझ्या पोरींनी टाकीपर्यंत मूठभर ठसे काढले. तिथे सरकारी वहीत अख्खे वाघ चितारलेले होते आणि त्या वहीवर बांगडी टेकवून पाहायला वेळेवर कोणी गेलं नाही. लांब कशाला, आपला जय वाघ घ्या. नागझिऱ्यातून २०१३ साली निघाला, उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात जाऊन राजासारखा राहिला आणि २०१६ च्या एप्रिलनंतर कुणाच्या दृष्टीस पडला नाही. दृष्टीस पडला नाही, पण दिसला मात्र सगळीकडे. आज इकडे, उद्या तिकडे, चांगली मिशीवाली माणसं छातीठोकपणे सांगत होती. त्यांना कोणी सासरची भीती घातली नाही.

ठशांवरून वाघ मोजायची ती पद्धत बसवली ओडिशाच्या सरोज राज चौधरींनी. त्यांच्या घरी १९७४ पासून खैरी नावाची खरीखुरी वाघीण लेकीसारखी वाढली. आमच्या विदर्भात हेमलकशाला प्रकाश आमट्यांच्या अंगणात मुलं आणि बिबटे एकत्र वाढले. ती माणसं थोर, लोक त्यांच्याकडे दुरून बघायला जायचे. आमच्या घरी वाघ आहे म्हटलं, की आईचे संस्कार कमी पडले.

असो. आपल्याविषयीच्या बाकीच्या तक्रारी पोटात घालायला मी तयार आहे. तुमसरच्या बसमध्ये आपल्यासाठी खिडकीची जागा अडवली जाते आणि मी दांडा धरून उभी असते. आपलं शेपूट पलंगाच्या उजव्या बाजूला पसरलेलं असतं म्हणून मला पहाटे डावीकडून उतरावं लागतं. आपले पट्टे म्हणे ह्यांच्या खदानीतल्या कपड्यांना अंग घासून उमटलेत. ते मँगनीज आहे, धुतलं तर आपण बिनपट्ट्याचे व्हाल, म्हणून ते कपडे मला लपूनछपून धुवावे लागतात. भुलाबाईच्या वेळी खिरापत काय आहे ते आपण कानात येऊन सांगता, म्हणून मैत्रिणींशी मारामारी. आणि तान्हा पोळा! गावची पोरं सजवलेले लाकडी नंदी घेऊन आली. आमच्या दोघी नुसता दोर घेऊन. दोराच्या टोकाला झेंडूची माळ, माळेत हवा. आणि घरोघरी ठणकावून, “आमचा बोजारा वेगळा, वाघाचा वेगळा.” दोन घरांनी दिलाही. तो आपण खाल्लात असं कळतं.

हे सगळं चालेल. ताट चालणार नाही.

रोज दोन्ही वेळा आपलं ताट मांडलं जातं. भात गरम लागतो. लाखोरीच्या डाळीचे वडे आपल्याला आधी. एक पोर वारा घालते, दुसरी “अजून वाढू का” विचारते. जेवण झालं की आपण उठून पलंगाखाली जाता आणि ताट तिथेच. ते उचलते कोण? मोतीचूरराव, ह्या पोरींची कल्पनाशक्ती केवढी अफाट! उडणारा वाघ काढता आला असता. पाढे येणारा वाघ काढता आला असता. भांडी घासणारा वाघ काढला असता तर मी स्वतः त्याला बसमध्ये जागा दिली असती. आणि काढला कोण? पाटावर बसून वाढण्याची वाट पाहणारा आणखी एक बाप्या!

हे माझंच रडगाणं असेल म्हणून मी जरा शोधून वाचलं. मार्जोरी टेलर आणि स्टेफनी कार्लसन यांनी २००४ साली अमेरिकेत पाहिलं, तर सात वर्षांपर्यंतच्या शंभरातल्या ६५ मुलांना कधी ना कधी असा मनातला सोबती होता. म्हणजे आपण काही एकटे नाही, माज करू नका. पण त्याआधी १९९२ साली सुझन हार्टर आणि क्रिस्टीन चाओ यांना आणखी एक गोष्ट दिसली होती. मुलगे बहुतेक स्वतःहून बलवान, सगळं येणारा सोबती घडवतात. मुली घडवतात स्वतःहून दुबळा, ज्याचं सगळं आपल्यालाच करावं लागतं. वाचलं आणि मी पुस्तक मिटल्यासारखा मोबाइल उलटा ठेवला. इथे नाकाडोंगरीत तेच, तिथे सातासमुद्रापार तेच. पोरीने वाघ जरी घडवला, तरी त्याचं अंथरूण पोरगीच घालणार.

म्हणून आता ‘अहो-जाहो’ पुरे. अरे वाघा, ऊठ की रे! पाच वर्षांची पोर तुझं ताट मांडते, तुझं शेपूट सांभाळते, भर गल्लीत तुझ्यापायी खोटारडी ठरते, आणि तू पलंगाखाली? एक डरकाळी फोडली असतीस तर काय बिघडलं असतं? त्या म्हाताऱ्याचं धोतर तरी...

जाऊ द्या.

हेच मी त्या रात्री धाकटीला विचारलं. तुझा मोतीचूर बाहेर का नाही आला? ती म्हणाली, “तो भेला होता. एवढी माणसं जमली की वाघाला मारतात.” आपण कुकरच्या शिट्टीला घाबरता हे मला ठाऊक होतं. खदानीत सुरुंग उडाला की दोघी आपले कान झाकायला पळतात, हेही. पण हे तिला कोणी सांगितलं? जयचा पोरगा श्रीनिवास २०१७ साली नागभीडकडे शेताच्या तारेत सोडलेल्या विजेने मेला, तेव्हा ती जन्मलीही नव्हती. गळ्यात रेडिओ कॉलर होती त्याच्या, म्हणजे तो कुठे आहे हे बघणारी माणसं होती. तरी मेला. पण चौकात, बसमध्ये, दळणाच्या रांगेत मोठी माणसं वाघाबद्दल काय काय बोलतात, ते लहान कानांत पडतंच. तेव्हा आपण भ्यालात हे खरं असणार. भ्यायलाच हवं. ह्या मुलखात आपल्याला निर्धोक जागा पलंगाखालीच आहे, आणि तिथून मी आपल्याला काढणार नाही.

मजुरीचंही सांगते. बुडालेले पैसे घेऊन मी संध्याकाळी टोळीतल्या एका मावशीकडे गेले. तिने पैसे घेतले नाहीत. दारात पाय पसरून बसली होती. बोटं चिखलाने खाल्लेली, तळव्यांना भेगा. म्हणाली, “तुह्या पोरींच्या वाघानं एक दिवस पाठ टेकवली माही. रोवणा लागला तेव्हापासून पह्यल्यांदाच.” मग पोरींना जवळ घेऊन हळूच, “पुढच्या हप्त्यात अजून एकडाव आणता का त्याले?” त्यावर दोघी एकमेकींकडे ज्या नजरेने बघू लागल्या, ती मला मुळीच आवडलेली नाही. पैशांऐवजी मी तिला लाखोरीचे वडे दिले. ते आपल्या ताटातले होते. चौकशी करू नये.

यापुढे ठसे उमटवायचे तर घरात, परातीतल्या पिठात. अंगणात नाही, बांधीकडे तर मुळीच नाही. बाहेर खरा वाघ आला तर लोकांचा त्याच्यावर विश्वास राहिला पाहिजे. आणि आजपासून आपलं ताट आपण उचलायचं. पंजाने जमत नसेल तर तोंडात धरून मोरीपर्यंत न्यायचं. ह्यांनाही तेच सांगितलं आहे, त्यामुळे अपमान वाटून घेण्याचं कारण नाही.

कळावे,
आपली घरमालकीण

ता. क. हे पत्र थोरली आपल्याला वाचून दाखवणार आहे. रागाची वाक्यं गाळायची, नाही तर मोतीचूर रडतो, अशी धाकटीची सक्त ताकीद आहे. ताटाचा मजकूर तिला विनोद वाटला, म्हणून तो ती ठेवू देणार आहे. वड्यांचा मात्र ती स्वतः, बाजूला घेऊन, समजावून सांगणार आहे.