डेप्युटीसाहेब

निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी सोसायटीत त्यांना कुणी नावाने हाक मारत नाही. बांधकाम खात्यात डेप्युटी इंजिनिअर होते, आजही डेप्युटीसाहेबच. त्यांच्यासमोर मुंबई-गोवा महामार्गाचं नाव काढू नये. चहा गार होईपर्यंत सुटका नाही. दर गणपतीला नवी तारीख मिळते आणि लोक ठेकेदाराला शिव्या घालतात. साहेबांच्या मते रस्ता खड्ड्यात जातो तो नारळ फुटतो त्याच दिवशी. "जागा ताब्यात नाही आणि वर्कऑर्डर हातात! मग ठेकेदार बसून, पोकलेन बसून. बँकेचं व्याज तेवढं बसत नाही."

थ्री-ए म्हणजे इरादा, थ्री-डी म्हणजे जमीन सरकारजमा, थ्री-जी म्हणजे मोबदला. 1956च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्यातली ही कलमं ते रामरक्षेसारखी म्हणतात. मग कोकणातला सातबारा उघडतो. दोन गुंठे जमीन, सत्तावीस नावं. त्यातली नऊ माणसं वारलेली, उरलेले चाकरमानी मुंबईत, आणि त्यांतल्या दोन सख्ख्या भावांत बोलणं नाही. चेक काढायचा कुणाच्या नावे? मध्येच एक फणस. "फणसाची किंमत वेगळी, मालकीचं भांडण वेगळं." याच महामार्गावर सावित्री नदीवरचा पूल 2016त वाहून गेला आणि नवा 2017च्या पावसाळ्याच्या तोंडावर उभाही राहिला, हे कुणी सुनावलं की साहेब थंडपणे विचारतात, "नदीच्या सातबाऱ्यावर किती चुलते असतात?"

बरं, हे सगळं घरीही. मुलीच्या लग्नात हॉलवाल्याकडे ताबापावती मागितली. पंगतीत उभं राहून ताटं मोजली, मेजरमेंट बुकात लिहावीत तशी वहीत नोंदवली आणि खाली व्याह्यांची सही घेतली. केटररच्या बिलातून पाच टक्के कापून ठेवले.

"हे कधी मिळणार?"

"दोषदायित्व कालावधी संपल्यावर."

"तो कधी संपतो?"

"पाहुण्यांना जेवण पचलं की."

व्याह्यांनी त्या रात्री मुद्दाम इनो मागवलं, असं म्हणतात.

सध्या आवारात पेव्हर ब्लॉक बसवायचं घाटतंय. सेक्रेटरी नारळ घेऊन आले, तो साहेबांनी जप्त केला. गेटपाशी काकूंची तुळशीची कुंडी, तिच्याखाली पाण्याची लाइन, तिच्याही खाली कुणाचीतरी केबल. "आधी युटिलिटी शिफ्टिंग!" काकूंनी मोबदला म्हणून पार्किंगची जागा मागितली आहे. त्यांच्याकडे गाडी नाही. सुनावणी रविवारी आहे, आणि कुंडीच्या मालकीचा उतारा सोबत आणावा, असं साहेबांनी त्यांना लेखी कळवलंय.